डोस वाढवण्याआधी पेन बघा: नागपुरातल्या एका मधुमेही बोक्याचं प्रकरण

भुऱ्या नऊ वर्षांचा, नसबंदी झालेला देशी बोका. मे महिन्याच्या अखेरीस, ऐन नवतप्यात, दुपारी दीडच्या सुमारास त्याला माझ्या दवाखान्यात आणलं तेव्हा त्याला उभं राहता येत नव्हतं. पाय फाकत होते, मान एका बाजूला कलत होती, बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या आणि हाक मारली तर कान तेवढा हलत होता. घरच्या ग्लुकोमीटरवर साखर फक्त ४१ (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर), म्हणजे धोकादायक इतकी कमी आली होती. सकाळी सात वाजता त्याला ग्लार्जिन इन्शुलिनचे तीन युनिट दिले होते.

हेच तीन युनिट तो आधीचा आठवडाभर दोन्ही वेळा घेत होता आणि तेव्हा त्याची साखर चारशेच्या खाली उतरत नव्हती. मग एका सकाळीत काय बदललं? घरच्यांना विचारलं तेव्हा उत्तर लगेच मिळालं: त्या सकाळी इन्शुलिनचं नवीन पेन (डोस फिरवून ठरवायचा आणि सुई लावून टोचायचं, असं पेनासारखं साधन) उघडलं होतं.

मांजराच्या मधुमेहाबद्दल बोलताना आपण डोसवर बोलतो, खाण्यावर बोलतो, वजनावर बोलतो. ते इन्शुलिन चोवीस तास कुठे पडून असतं, हे फार कमी जण विचारतात. या प्रकरणात सगळं तिथेच अडलं होतं, म्हणून ते सविस्तर लिहितो आहे.

आधीचा इतिहास

कुटुंब एप्रिलच्या सुरुवातीला पुण्याहून नागपूरला बदलीवर आलेलं. घरात नवरा-बायको, कॉलेजात जाणारी मुलगी आणि आजी. भुऱ्याचा मधुमेह जानेवारीत पुण्यात निघाला. पाण्याचं भांडं दिवसातून दोनदा भरावं लागत होतं, लिटरमध्ये (मांजराच्या शी-शूच्या वाळूत) लघवीचे गोळे मोठमोठे होत होते, खाणं भरपूर असूनही वजन ६.८ किलोवरून ५.४ वर आलं होतं. मागच्या पायांनी तो टाच टेकवून चालायला लागला होता. टाच टेकणं ही मधुमेहाने नसांवर झालेल्या परिणामाची खूण. ती दिसली की मधुमेह बराच काळ अंगात आहे असं समजावं. त्याआधीच्या वर्षी खाजेसाठी त्याला दीर्घकाळ टिकणाऱ्या स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं गेलं होतं. वजन जास्त असलेल्या, नसबंदी झालेल्या, मध्यम वयाच्या बोक्याला स्टिरॉइड मिळालं की मधुमेहाचा धोका चांगलाच वाढतो.

रक्तातली साखर ४१२, लघवीत साखर, किटोन (इन्शुलिन फारच कमी पडलं की लघवीत दिसणारी द्रव्यं) नाहीत. मांजर घाबरलं की नुसत्या ताणानेही साखर तीनशेपर्यंत चढू शकते, त्यामुळे एका आकड्यावर निदान करायचं नसतं. तिथल्या डॉक्टरांनी फ्रुक्टोसामीन करून घेतलं होतं. ही तपासणी मागच्या दोन-तीन आठवड्यांची सरासरी सांगते. तीही वाढलेली होती. निदान पक्कं होतं आणि उपचारही योग्य होते: ग्लार्जिन एक युनिट, बारा तासांच्या अंतराने दोनदा, कोरडं खाणं बंद करून कमी कर्बोदकांचं ओलं खाणं आणि उकडलेलं चिकन. मार्चमध्ये घरी घेतलेल्या नोंदी १२० ते २२० च्या दरम्यान आहेत. वही मुलीने ठेवलेली, वेळ आणि खाणं सगळं लिहिलेलं. अशी वही असली की निम्मं काम झालेलं असतं.

एप्रिलच्या शेवटी आकडे चढायला लागले. २८०, मग ३४०, मग ३९०. पाणी पिणं पुन्हा वाढलं. पुण्याच्या डॉक्टरांना फोन झाला. त्यांना फोनवर जे कळलं त्यावरून डोस वाढवणं हा सरळ निर्णय होता: आधी दोन युनिट, मग तीन. कागदावर तीन युनिट हा पाच किलोच्या बोक्यासाठी अचाट डोस नव्हे. पण या बोक्याला दोनच महिन्यांपूर्वी एक युनिट पुरत होतं, आणि ते का पुरेनासं झालं हे पेन समोर असल्याशिवाय कळण्यासारखं नव्हतं.

त्या दुपारी

मुलीने घरीच एक चांगलं काम केलं होतं. भुऱ्या झोकांड्या खायला लागल्यावर तिने बोटाला मध लावून हिरड्यांवर चोळला आणि मग त्याला गाडीत घातलं. असंच करायचं असतं. गिळता येत नसलेल्या मांजराच्या तोंडात साखरेचं पाणी ओतायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. मांजर शुद्धीवर असून खात असेल तर आधी खाणं द्यावं. खात नसेल तर हिरड्यांवर मध किंवा ग्लुकोज, आणि तडक दवाखाना.

माणसांचं ग्लुकोमीटर मांजराच्या रक्तात बहुतेकदा खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतं, कारण साखर लाल पेशींत किती आणि बाहेरच्या द्रवात किती, ही वाटणी माणसात आणि मांजरात वेगळी असते. म्हणजे खरी साखर ४१ पेक्षा थोडी जास्त असणार. पण लक्षणं समोर असताना त्यावर काथ्याकूट करत बसायचं नसतं. शिरेतून पातळ केलेलं डेक्स्ट्रोज (ग्लुकोजचं द्रावण) हळूहळू दिलं. वीस मिनिटांत भुऱ्याने मान उचलली, तासाभरात चिकन खाल्लं. तरी त्याला रात्रीपर्यंत सोडलं नाही. ग्लार्जिन कातडीखाली बारीक कणांच्या रूपात साठून तासन्‌तास सुटत राहतं; एकदा वर आणलेली साखर पुन्हा घसरू शकते. संध्याकाळचा डोस अर्थातच दिला नाही.

आणखी एक गोष्ट वहीतून कळली: उकाड्याने त्याचं खाणं कमी झालं होतं आणि त्या सकाळी त्याने निम्मंच खाल्लं होतं. पूर्ण ताकदीचं इन्शुलिन, तिप्पट डोस आणि अर्धंच भरलेलं पोट हे तिन्ही एकाच सकाळी जुळून आलं.

पेनं टेबलावर

दुसऱ्या दिवशी मी घरच्यांना फ्रिजमधली आणि बाहेरची सगळी पेनं, सुया, सिरिंजा, जे काही इन्शुलिनशी संबंधित आहे ते जसंच्या तसं घेऊन यायला सांगितलं. साखर हाताबाहेर गेली की आम्ही दात बघतो, लघवीतला संसर्ग बघतो, स्वादुपिंडाची सूज बघतो, पिट्यूटरीच्या (मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीच्या) गाठीपर्यंत विचार करतो. ते सगळं बरोबरच आहे. पण त्याआधी करायची सगळ्यात स्वस्त तपासणी म्हणजे औषध स्वतः बघणं. भुऱ्याचे दात आणि लघवी मी त्याच दिवशी तपासली, दोन्ही स्वच्छ निघालं.

चार पेनं आली. एक कालच उघडलेलं, नागपुरातल्या औषधाच्या दुकानातून बर्फाच्या पिशवीसह आणलेलं. एक आदल्या दिवसापर्यंत वापरात असलेलं. दोन न उघडलेली, पुण्याहून सोबत आणलेली.

जुन्या पेनाला सुई लावलेलीच होती. झाकण काढून ते उजेडासमोर आडवं धरलं तर कार्ट्रिजमध्ये (इन्शुलिन भरलेल्या आतल्या नळीत) ज्वारीच्या दाण्याएवढा बुडबुडा इकडून तिकडे सरकत होता. हा बुडबुडा दिसायला क्षुल्लक वाटतो. पण या पेनातलं इन्शुलिन शंभर युनिटांचं आहे, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये शंभर युनिट. एक युनिट म्हणजे मिलिलिटरचा शंभरावा भाग. तेवढ्या बुडबुड्यात सुमारे तीन युनिटांची जागा मावते. वीस-तीस युनिट घेणाऱ्या माणसाला त्याने थोडा फरक पडेल. एक युनिट घेणाऱ्या मांजराच्या बाबतीत अख्खा डोस त्या हवेत हरवू शकतो. हवा दबते, द्रव दबत नाही. बटण दाबलं की दट्ट्या पुढे सरकतो, पण आधी बुडबुडा आखडतो आणि मग सावकाश पसरत इन्शुलिन बाहेर ढकलतो. तोवर सुई बाहेर काढली की उरलेला थेंब केसांवर पडतो.

मी मुलीला तिची पद्धत खोट्या डोसने, कापसाच्या बोळ्यावर करून दाखवायला सांगितली. तिने बटण दाबलं, खिडकीत शून्य आलं आणि लगेच सुई उचलली. सुईच्या टोकाला एक थेंब लोंबत राहिला. बोळा नाकाशी धरला तर औषधी, फिनाइलकडे झुकणारा वास येतो; इन्शुलिनमध्ये घातलेल्या मेटाक्रेसॉलचा तो वास. ती चटकन म्हणाली, "हा वास भुऱ्याच्या पाठीला कायम यायचा, डॉक्टर. मला वाटलं औषध लागतंय म्हणून येतोय." केसांना तो वास येणं किंवा केस ओले लागणं म्हणजे औषध अंगात न जाता अंगावर गेलं, हे आता ती दुसऱ्यांना सांगते.

हा बुडबुडा आला कुठून? सुई लावून ठेवलेलं पेन ही उघडी नळी असते. दिवसा उष्णतेने द्रव प्रसरण पावतो, थेंब बाहेर गळतो. रात्री तापमान उतरलं की आकुंचन होतं आणि त्याच वाटेने हवा आत शिरते. नागपूरच्या मे महिन्यात दिवस-रात्रीचा फरक मोठा असतो, त्यामुळे हा खेळ रोज चालतो. सुई लावून ठेवायचं कारणही ऐकलं: "सुया महाग पडतात, म्हणून दोन-तीन दिवस एकच चालवतो." हे मी बऱ्याच घरांत ऐकतो, माणसांसाठीही. मांजराच्या डोसमध्ये ही काटकसर परवडत नाही.

कागदावरची ओळ

पेन कुठे ठेवत होतात, हे विचारल्यावर मुलीची आई जरा दुखावल्याच. "आम्ही तर कागदावर लिहिलंय तसंच केलं. उघडलेलं पेन फ्रिजमध्ये ठेवू नका, असं स्पष्ट लिहिलंय त्यात."

बरोबर आहे, लिहिलेलं आहे. न उघडलेलं पेन २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवा, उघडल्यावर ते फ्रिजमध्ये परत ठेवू नका, २८ दिवसांत वापरा. पण त्याच ओळीत एक अट आहे: तापमान ३० अंशांच्या खाली. पुण्यात जानेवारी-फेब्रुवारीत स्वयंपाकघरातलं कपाट ही अट सहज पाळतं. तेच कपाट नागपुरात, ओट्याच्या वर, एप्रिल-मेमध्ये ती पाळत नाही. कूलर हॉलमध्ये, स्वयंपाकघरात नाही. मी कमाल-किमान तापमान दाखवणारं साधं थर्मामीटर दोन दिवस त्याच कपाटात ठेवायला दिलं: कमाल ३९. कुणीही सवय मोडली नव्हती. शहर बदललं आणि सवय तीच राहिली.

न उघडलेल्या दोन पेनांची गोष्ट उलट्या टोकाची. बदलीच्या वेळी ती थर्माकोलच्या डब्यात, फ्रीझरमधून काढलेल्या जेलच्या पिशव्यांना चिकटून आली. मधे कापड किंवा वर्तमानपत्र नव्हतं. इथे आल्यावर ती ठेवली एकदारी फ्रिजमध्ये, बर्फाच्या कप्प्याच्या लगेच खालच्या ट्रेमध्ये, "सगळ्यात थंड जागा म्हणून". त्या ट्रेत थर्मामीटरने उणे १ दाखवलं. मधल्या फळीवर ४, दारात ८. इन्शुलिन एकदा गोठलं की संपलं. वितळल्यावर ते जुन्या कामाचं राहत नाही. जुनं, वापरातलं पेनही मुळात याच गठ्ठ्यातलं होतं. म्हणजे ते आधी गोठलं असण्याची, मग तापल्याची आणि वर बुडबुड्याची, अशी तिहेरी शंका.

आजीने चष्मा लावून पेन उजेडात धरलं आणि म्हणाल्या, "पाण्यासारखं स्वच्छ तर आहे." ग्लार्जिन स्वच्छच असायला हवं, गढूळ झालं, कण दिसले तर सरळ टाकून द्यायचं, यात शंका नाही. पण स्वच्छ दिसतंय म्हणून ते ताकदीचं आहे असं मात्र होत नाही. उष्णतेने निकामी झालेलं इन्शुलिनही डोळ्यांना निर्मळ दिसू शकतं. त्याची परीक्षा मांजराच्या साखरेवरच होते, आणि ती परीक्षा नेमकी उलट वाचली गेली होती: औषध कमकुवत होत गेलं आणि वाचलं गेलं की आजार वाढतोय.

म्हणून माझं म्हणणं असं की घरी वहीत आकडे चढताना दिसले आणि बाकी मांजर बरं असेल, तर डोस हलवण्याआधी जुन्याच डोसवर, नीट साठवलेलं नवीन पेन उघडून बघावं. नव्या पेनावर साखर उतरली तर उत्तर मिळालं. नाही उतरली तर मग डोसचं, संसर्गाचं, बाकीच्याचं बघता येतं. आणि एखाद्या पेनावर डोस वाढवत नेला असेल, तर पुढचं पेन उघडायच्या दिवशी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो वाढलेला डोस द्यायचा नाही. भुऱ्याला धोका कमकुवत इन्शुलिनने झाला नाही, तो झाला चांगल्या इन्शुलिनने.

आजीचं इन्शुलिन

टेबलावर आणखी एक पिशवी होती, तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. आजींना स्वतःला मधुमेह आहे. त्या ३०/७० मिश्र (लगेच आणि सावकाश काम करणाऱ्या अशा दोन प्रकारांच्या) इन्शुलिनची कुपी वापरतात, आणि आपल्याकडे कुप्या बहुतेक चाळीस युनिटांच्या मिळतात, त्यांच्यासाठी लाल टोपीची सिरिंज. भुऱ्याचं पेन शंभर युनिटांचं. दोन्ही एकाच घरात.

"एखाद्या रात्री सुया संपल्या तर काय कराल?" मी विचारलं. मुलगी म्हणाली, "आजीच्या सिरिंजने पेनातून ओढून घेऊ, एकच युनिट तर घ्यायचंय." प्रत्यक्षात तसं घडलं नव्हतं, पण घडायला फार वेळ लागला नसता. चाळीसच्या सिरिंजवरची एक खूण म्हणजे मिलिलिटरचा चाळिसावा भाग. त्यात शंभरचं इन्शुलिन भरलं की ते अडीच युनिट होतं. दोन खुणा भरल्या की पाच. मांजराच्या बाबतीत ही चूक जिवावर बेतते. पेनातलं इन्शुलिन सिरिंजने काढायचंच असेल तर केशरी टोपीची, शंभरची, कमीत कमी मापाची सिरिंज हवी. आत हवा सोडायची नाही. आणि एकदा सिरिंजने काढायला सुरुवात केली की ते पेन पुन्हा पेन म्हणून वापरायचं नाही, कारण दट्ट्या आणि द्रव यांच्यात फट पडते आणि पुढचा डोस चुकतो.

आजींचं इन्शुलिन दुधाळ असतं, ते घेण्याआधी तळहातात हलकेच घोळवावं लागतं. भुऱ्याच्या ग्लार्जिनला ते काही करायचं नसतं, हलवायचंही नाही, दुसऱ्या कशात मिसळायचंही नाही. एकाच घरात दोन वेगवेगळे नियम नांदत होते. आता आजींचा डबा मधल्या फळीवर आणि भुऱ्याची न उघडलेली पेनं भाजीच्या ट्रेच्या वरच्या फळीवर, पिवळ्या झाकणाच्या डब्यात, मागच्या भिंतीपासून जरा अलीकडे. आणखी एक गोष्ट आजींना स्पष्ट सांगितली: अडीनडीला सुद्धा भुऱ्याचं पेन तुम्ही घ्यायचं नाही, तुमचं त्याला द्यायचं नाही. सुई बदलली तरी नाही. टोचताना रक्ताचे अंश उलट कार्ट्रिजमध्ये जाऊ शकतात. एक पेन एकाच जिवाचं.

मडकं की फ्रिज

आता प्रश्न होता की उघडलेलं पेन नागपुरात ठेवायचं कुठे. फ्रिजमध्ये ठेवू नका म्हणतात. बाहेर ३९ अंश.

मांजरांवर उपचार करणारे बरेच डॉक्टर उघडलेलं ग्लार्जिन सरळ फ्रिजमध्ये ठेवायला सांगतात, आणि काही जण ते २८ दिवसांच्या पुढेही वापरू देतात, विशेषतः सिरिंजने काढून घेणाऱ्यांना. त्यामागचा विचार मला समजतो. एक युनिट दोनदा आणि प्रत्येक वेळी टोचण्याआधी सुईतून थेंब येतो का हे बघायला सोडलेली दोन युनिटांची चाचणी धरली तर दिवसाला सहा युनिट जातात. २८ दिवसांत १६८. तीनशे युनिटांच्या पेनातले १३२ युनिट फेकायचे, हे मध्यमवर्गीय घराला जड जातं. तरी या घरासाठी मी २८ दिवसांची मर्यादाच धरली. ज्या घराने नुकताच साठवणीचा असा फटका खाल्लाय, तिथे शिळ्या पेनाची शंका आकड्यांत मिसळू देणं मला मान्य नव्हतं.

जागेसाठी मडकं निवडलं. मोठ्या मडक्यात ओली वाळू, वाळूत बसवलेलं लहान मडकं, त्यात घट्ट झाकणाचा कोरडा प्लास्टिकचा डबा, वरून ओलं फडकं. मडक्याच्या अंगातून पाणी झिरपून उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. विदर्भाची उन्हाळी हवा कोरडी, त्यामुळे इथे हे जोरात चालतं. डब्यातलं थर्मामीटर दुपारी चारला २७ दाखवत होतं, बाहेर खोलीत ३८ असताना. वीज गेली तरी ते थांबत नाही. अट एवढीच की डब्यात पाणी शिरता कामा नये आणि सकाळ-संध्याकाळ वाळू ओली करायला हवी. ते काम आजींनी घेतलं. बोक्याच्या इंजेक्शनची त्यांना भीती वाटते, पण मडकं हे त्यांच्या अखत्यारीतलं.

हाच सल्ला मी रत्नागिरी किंवा मुंबईच्या घराला देणार नाही. तिथल्या दमट हवेत पाणी उडतच नाही, मडकं खोलीइतकंच गरम राहतं. पावसाळ्यात नागपुरातही ते निरुपयोगी होतं, पण तोवर खोलीच तिशीच्या आसपास येते. जिथे खोली तिशीवर आणि हवा दमट, तिथे उघडलेलं पेन फ्रिजच्या दारात, सुई काढून ठेवणं हाच कमी वाईट पर्याय, आणि तो डॉक्टरांना विचारून घ्यावा. थंड इन्शुलिन थोडं झोंबतं, म्हणून टोचण्याआधी पेन काही वेळ बाहेर काढून ठेवावं. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत मात्र पेन कुठल्याच शहरात ठेवू नये.

टोचण्याची नवी पद्धत

पेनाच्या अंगावर, टोपीवर नव्हे, पांढरी चिकटपट्टी लावून उघडल्याची तारीख लिहिली. टोप्या एकमेकांत बदलतात, अंग बदलत नाही. दर वेळी नवी सुई. सुई वर करून कार्ट्रिजला टिचकी, दोन युनिटांची चाचणी. टोकाला थेंब दिसला तरच पुढे. दिसला नाही तर पुन्हा चाचणी, तरी नाही तर सुई बदलायची. मग भुऱ्या खातोय हे बघून डोस. खाणं नाकारलं तर डोस देण्याआधी फोन.

छातीच्या बाजूची कातडी चिमटीत धरून तंबूसारखी उचलायची आणि सुई तंबूत घालायची, समोरच्या बाजूने आरपार काढायची नाही. बटण दाबून शून्य आल्यावर मनात दहा आकडे मोजून मग सुई काढायची. सुरुवातीला मुलीला हे दहा आकडे फार लांब वाटले, भुऱ्याला वाटले नाहीत. तो वाटीतच गुंग होता. कडेला बोट फिरवून केस कोरडे आहेत ना, हे बघायचं.

केस ओले लागले तर? अर्धा गेला की सगळा, हे कळायचा मार्ग नाही. अशा वेळी डोस पुन्हा द्यायचा नाही. हा नियम मी तीन वेळा सांगून घेतला आणि फ्रिजच्या दारावर लिहून लावला. एक डोस हुकल्याने मांजराची साखर एक दिवस वर राहील. दोनदा दिलेल्या डोसने ते रात्रीतून जाऊ शकतं.

वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या डिटर्जंटच्या बाटलीत जातात, वर मोठ्या अक्षरात लिहिलेलं. २०१६ च्या घनकचरा नियमांत घरातल्या वापरलेल्या सुया-सिरिंजा घरगुती घातक कचऱ्यात धरल्या होत्या. त्या ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकायच्या नसतात. कचरा हातांनी वेगळा करणारी माणसं असतात आणि सुई त्यांच्या बोटात शिरते, हे कुणी सांगितल्याशिवाय घराघरांत ध्यानात येत नाही.

पुढे

तिन्ही जुनी पेनं टाकून दिली. दोन दिवस इन्शुलिन न देता साखर बघितली आणि मग नव्या पेनावर, पूर्वीच्याच एक युनिटावर सुरुवात केली. दहाव्या दिवशी घरीच कानाच्या कडेतून रक्त घेऊन काढलेला दिवसाचा आलेख असा: सकाळी सातला २६८, दहाला १९०, एकला १२४, चारला १३८, संध्याकाळी सातला २४०. मे महिन्यात तीन युनिटांवर जे झालं नाही ते एका युनिटावर झालं. पाण्याचं भांडं पुन्हा दिवसातून एकदाच भरावं लागू लागलं. टाचा उचलायला मात्र वेळ लागला. नसा सावकाश सावरतात.

ऑगस्टच्या अखेरीस दुपारचे आकडे ८० च्या आसपास यायला लागले आणि डोस कमी करणं भाग पडलं. इथे त्या पेनाची मर्यादा लागली: ते एकेका युनिटाच्या टप्प्यानेच चालतं, अर्धं युनिट त्याला देता येत नाही. बटण अर्धवट फिरवून "साधारण मधे" थांबवायची कल्पना घरून आली होती, तिला मी ठाम नकार दिला. पेनाचे टप्पे हे दात्यांचे असतात, दोन दात्यांमधली जागा म्हणजे डोस नव्हे. अर्ध्या युनिटाच्या टप्प्याने चालणारी, कार्ट्रिज बदलता येणारी पेनं मिळतात. एका कंपनीचं कार्ट्रिज दुसरीच्या पेनात बसवायचं नसतं, एवढं पाहून तसं पेन मागवलं. ते येईपर्यंत शंभरच्या, अर्ध्या युनिटाच्या खुणा असलेल्या सिरिंजने काम भागवलं, आणि त्यासाठी एक वेगळं पेन फक्त सिरिंजचं म्हणून राखून ठेवलं, पट्टीवर तसं लिहून. भुऱ्या आता अर्ध्या युनिटावर आहे, वजन ५.९ किलो. इन्शुलिन पूर्ण बंद करून बघायचं की नाही, हे दिवाळीनंतरच्या आलेखावर ठरेल.